कापसाचं दार

रात्रीचे साडेनऊ वाजत आलेत असं समजू. जेवणं झाली आहेत. भांडी घासून पालथी घातली आहेत. ओट्यावरचा दिवा तेवढा मालवायचा राहिला आहे.

जरा बसा.

पाठ टेकवा. हात मांडीवर सैल सोडा. मोबाइल पालथा ठेवा.

कुठं जायचं नाही. काही शिकायचं नाही. फक्त एक घरटं पाहायचं आहे. आणि त्या घरट्याचं दार.

श्वास आत येऊ द्या. बाहेर जाऊ द्या.

घाई नाही.

*

इथं साडेनऊ होतात, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. आपल्याकडे भाद्रपद. अंगणातली माती अजून ओली. तिकडे सप्टेंबरात थंडी सरते आणि वसंत सुरू होतो.

त्या वसंतातल्या एका संध्याकाळी जाऊ.

केप टाउन मागं टाकून, ईशान्येचे डोंगर ओलांडून आत गेलं की कारूचा माळ लागतो. हे नाव तिथल्या खोइखोई लोकांच्या बोलीतून आलेलं. अर्थ साधाच आहे. कोरडं.

डोळे मिटा, नाहीतर अर्धे उघडे ठेवा.

माळ दिसू द्या.

तांबूस माती. गुडघ्याएवढी खुरटी झुडपं, एकमेकांपासून हात-दोन हात लांब. पलीकडे सपाट माथ्याच्या टेकड्या. मधेच पाणी उपसणारी एक पवनचक्की. तिची पाती आता जेमतेम फिरताहेत.

कर्र.

मग बराच वेळ काही नाही.

पुन्हा कर्र.

त्या दोन आवाजांच्या मधे जी जागा आहे, तिथं थांबा.

*

कोरड्या ओढ्याच्या काठानं हळूहळू चालत या.

काठावर झाडं आहेत. आपल्या बाभळीच्या गणगोतातली. त्यांचे काटे पांढरे, लांब, दोन-दोनच्या जोडीनं वाढलेले. कलत्या उन्हात काटे पानांआधी दिसतात.

बाजूला तारेचं कुंपण आहे. तारेच्या टोकाला मेंढीची लोकर अडकली आहे. कळप दुपारीच पुढं गेला. हा पुंजका तेवढा मागं राहिला.

त्या पुंजक्याकडे पाहा.

वारा नाही म्हणावं, तरी तो हलतो. आपण जवळ जाऊन श्वास सोडला तरी हलेल, इतका हलका आहे.

सोडा श्वास. हळू.

कुंपणापलीकडे एक झुडूप पांढरं दिसतंय. फुलं वाटतात, पण त्या बिया आहेत. एकेका बीवर कापसासारखी दाट लव. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत या झुडपाला कपोकबॉस म्हणतात. कपोक म्हणजे सावरीचा कापूस. त्याच भाषेत भुरभुरणाऱ्या बर्फालाही कपोकच म्हणतात.

आजीच्या घरची सावरीची उशी आठवते का? उन्हात घातली की फुगायची. डोकं टेकलं की डोकं हळूहळू खाली जायचं.

आत्ता मान तशीच सोडून द्या. हळूहळू खाली जाऊ द्या.

घाई नाही.

*

आता ऐका.

त्सी.

सुईच्या टोकाएवढा बारीक आवाज. काट्यांच्या आतून कुठूनतरी.

त्सी.

दुसऱ्या फांदीवरून त्याला उत्तर.

हा पक्षी डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना दिसतो. म्हणून शोधू नका. नुसते ऐकत राहा. तो येईल.

आला.

त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा. या झुडपावरून त्या झुडपावर, एकामागोमाग एक, शाळा सुटल्यावर घरी निघालेल्या पोरांसारखे. मोजले तर सहा भरतात. मागं राहिलेला हाक देतो, पुढचा ओ देतो. सगळे चालत्या थव्यात आहेत ना, एवढीच ती विचारपूस.

त्सी. त्सी.

पुस्तकात याचं नाव केप पेंड्युलाइन टिट. पेंड्युलाइन म्हणजे लोंबतं, ते घरट्यावरून. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना, तिकडच्या कोरड्या रानांत हा राहतो. आफ्रिकान्स बोलणारी माणसं त्याला कपोकाचा पक्षी म्हणतात. 1812 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. त्यातला दुसरा शब्द आहे मिन्युटस. म्हणजे इवलासा.

किती इवला?

चोचीपासून शेपटीपर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर. वजन सुमारे 8 ग्रॅम.

दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवलंय असं समजा. जवळजवळ तेवढंच.

त्या वजनापाशी थांबा.

तळहाताला ते जाणवतं, आणि जाणवतही नाही. नाणं गार असतं. हा जीव उबदार आहे. त्या एवढ्याशा उबेत हृदय चालू आहे, मोजायला गेलो तर आपली बोटं मागं पडतील इतकं भराभर.

तुमचं हृदय त्यापेक्षा कितीतरी सावकाश चाललं आहे.

त्याचे चार ठोके ऐका.

एक.

दोन.

तीन.

चार.

*

सगळ्यांत पुढच्या पक्ष्याकडे पाहा.

पाठ राखाडी, तिच्यावर किंचित हिरवट झाक. पोट फिकट पिवळं. शेपूट आखूड. डोळ्यातून जाणारी काळी रेघ. काळ्या कपाळावर बारीक पांढरे ठिपके, रांगोळीची चिमूट हातातून सांडावी तसे.

चोच दाभणासारखी टोकदार.

तो फांदीच्या शेंड्याला उलटा लटकतो. पान खालून पाहतो. अळी टिपतो. पुढचं पान. पुन्हा उलटा. सालीच्या फटीत चोच घालतो, काहीतरी ओढून काढतो, गिळतो.

सकाळपासून त्यानं हेच केलंय. एकेक पान. एकेक काडी. किडा, अळी, सुरवंट, जे सापडेल ते. एका पानावर मिळालं नाही तर तो तिथं रेंगाळत नाही. दुसरं पान आहेच.

आता ऊन उतरलं आहे. टेकडीची सावली ओढ्यापर्यंत आली आहे. एवढ्याशा देहात ऊब फार वेळ टिकत नाही. पक्ष्यांना ते कळतं. त्यांच्या उड्या आता एकाच दिशेनं पडताहेत.

तुम्हीही मागोमाग या.

हळू. आवाज न करता.

*

हे घरटं.

काटेरी फांदीला एक पांढरट बोचकं लोंबतंय. साधारण पेरूएवढं रुंद, त्याहून थोडं लांबट. आधी वाटतं, लोकरीचा मोठा पुंजकाच अडकलाय.

जवळून पाहा.

सुगरणीचा खोपा आपल्या ओळखीचा आहे. त्यात गवताच्या पात्या ओवलेल्या, गाठी मारलेल्या, विणलेल्या असतात. उसवून पाहिलं तर एकेक पाती सुटी करता येईल.

इथं विणच नाही.

झुडपाची लव, मेंढीची लोकर, कोळ्याच्या जाळ्याचे चिकट धागे. चोचीनं आत कोंबायचे, टोचायचे, दाबायचे. पुन्हा टोचायचे, पुन्हा दाबायचे. असं होत होत तंतू एकमेकांत इतके शिरतात की कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. नमदा करतात तसा. जाड, मऊ, चिवट.

मनातल्या मनात त्यावर बोट ठेवा.

दाबलं की आत जातं. उचललं की परत वर येतं.

दाबा.

उचला.

तुमच्या पोटावर हात ठेवलात तर तेही असंच करतंय. श्वास घेताना वर. सोडताना आत.

वर.

आत.

या भिंतीत केवढी उड्डाणं दाबलेली आहेत. कुंपणापासून झाडापर्यंत, झाडापासून कुंपणापर्यंत. दर खेपेला चोचीत मावेल तेवढीच लोकर.

घाई करून हे घर झालेलं नाही.

*

आता दार शोधा.

सापडलं? घरट्याच्या अंगावर एक गोल भोक आहे. चांगलं उघडं, ठसठशीत. लांबूनही दिसावं असं. त्याखाली छोटासा ओटा.

आत डोकावा.

काही नाही.

एक उथळ खिसा. बोटाचं पेर जाईल एवढा. मागं जाड, बंद भिंत. ना अंडी, ना पीस, ना वाट.

हे दार खोटं आहे.

साप फांदीवरून उतरत येतो. त्याला भोक दिसतं. तो तोंड घालतो. रिकामं. घरटं सोडलेलं दिसतंय.

जुन्या काळी युरोपातून केपला आलेल्या प्रवाशांनाही या खिशाचं कोडं पडलं होतं. आत मादी अंडी उबवते आणि नर रात्रभर या खिशात पहारा देत बसतो, अशी गोष्ट त्यातल्या काहींनी लिहून ठेवली. गोष्ट गोड आहे. पण पहारा देणारा कुणी नसतो. पहारा देतं ते रिकामपण.

त्या रिकाम्या खिशाकडे थोडा वेळ पाहत राहा.

त्याला काही भरायची गरज नाही. तो रिकामा आहे म्हणूनच कामाचा आहे.

श्वास सुटला की पुढचा यायच्या आधी एक क्षण असाच रिकामा असतो. पाहा, आहे का.

*

मग खरं दार कुठं आहे?

त्या भोकाच्या जरा वर पाहा. लोकरीची एक घडी पुढं आलेली दिसते. छतावरून उतरलेली पडवी असावी तशी. तिच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

ती घडी म्हणजे एक मऊ नळी. तिचे दोन ओठ एकमेकांवर मिटलेले. कडांना कोळ्याचे धागे आहेत, त्यांनी ते चिकटून राहतात. बाहेरून पाहिलं तर भिंतच.

इथं थांबा. श्रोत्यासारखे.

त्सी.

पहिला पक्षी आला.

तो खोट्या दाराच्या ओट्यावर उतरतो. साप फसला तीच ही जागा. याला मात्र ती पायरी आहे.

एक पाय तो वर उचलतो. मिटलेल्या ओठाला नखं लावतो. खाली ओढतो.

दार उघडतं.

काळोखाची एक बारीक फट. क्षणभर. पक्षी तिच्यात शिरतो आणि दिसेनासा होतो.

त्याच्या पाठीमागं ओठ मिटतात.

पुन्हा भिंत.

तुम्ही जे पाहिलंत ते एका श्वासात झालं. म्हणून पुन्हा पाहू. दुसरा पक्षी येतोय.

ओट्यावर उतरला.

पाय उचलला.

ओढलं.

आत गेला.

मिटलं.

तिसरा.

ओढलं. आत. मिटलं.

चौथा. पाचवा.

प्रत्येकासाठी दार नव्यानं उघडतं. प्रत्येकामागं नव्यानं मिटतं. मागून अजून कुणी यायचंय म्हणून ते उघडं ठेवलं जात नाही. येणाऱ्याला दार ठाऊक आहे.

सहावा फांदीवर जरा थांबला आहे. इकडं बघतो, तिकडं बघतो. शेवटची एक हाक देतो. आतून, लोकरीच्या भिंतीआडून, ओ येते. अगदी पुसट.

तोही आत जातो.

फांदी किंचित हलते. मग स्थिर होते.

फांदी स्थिर होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहा.

*

आता आपणही आत जाऊ.

मनानंच जायचं आहे, त्यामुळे जागा पुरेल.

अंधार आहे. मऊ अंधार. लोकरीचा आणि सुक्या गवताचा वास.

सहा देह एकमेकांना लागून बसले आहेत. कुणाची चोच कुणाच्या पाठीच्या पिसांत. एकानं अंग हलवलं की सगळे जरा हलतात, पुन्हा बसतात. थंडीच्या रात्री हे पक्षी असेच एका घरट्यात दाटीनं झोपतात. एकेकट्याच्या अंगातली ऊब थोडी. सगळ्यांची मिळून रात्र निघते.

बाहेर माळावर गारवा उतरतो. पहाटे कधी कधी झुडपांवर दवाचं बर्फ होतं. नमद्याच्या या बाजूला त्याची खबर नाही.

सहाजण मिळून सुमारे पन्नास ग्रॅम. मूठभर शेंगदाणे.

मूठभर ऊब.

आणखी काही दिवसांनी इथंच अंडी असतील. पांढरीशुभ्र, लहान. नर आणि मादी दोघं मिळून उबवतील. सुमारे दोन आठवडे. मग पिल्लं. ती तीन आठवड्यांहून अधिक काळ याच अंधारात वाढतील. त्यांना जगाची पहिली ओळख होईल ती उजेडानं नव्हे. दार उघडल्यावर आत आलेल्या अळीच्या चवीनं.

आज मात्र अंडी नाहीत. आज फक्त झोप आहे.

ऐका.

पवनचक्की थांबली आहे.

आत सहा श्वास चालू आहेत.

सातवा तुमचा.

*

इथं बसल्यावर दिवसातल्या गोष्टी आठवू लागतील. भरायचं राहिलेलं बिल. कुणी बोललेला एक शब्द. उद्याची मीटिंग. आईचा फोन, जो करायचा राहून गेला.

त्या येतील. त्यांना अडवू नका.

त्या घरट्यापाशी येतात. त्यांना मोठं, उघडं भोक दिसतं. त्या तोंड घालतात.

घालू द्या.

तिथं रिकामा खिसा आहे. त्यांना थोडा वेळ तिथं चाचपडू द्या. तुम्ही भिंतीच्या या बाजूला आहात. हलायची गरज नाही. उत्तर द्यायची गरज नाही.

पुन्हा एक आठवण आली?

तिलाही डोकावू द्या.

रिकामं आहे. जाईल.

आई आठवली असेल, तर ती खिशात चाचपडायची नाही. ती वरच्या घडीला हात लावेल. तिला दार ठाऊक आहे. तिला आत येऊ द्या. तिच्यामागं दार मिटेल.

श्वास आत.

मिटलं.

श्वास बाहेर.

फांदी स्थिर.

असंच थोडा वेळ. मी काही बोलत नाही.

*

*

*

आता हळूहळू बाहेर येऊ.

ओठ आतून ढकलला की उघडतो. बाहेर आलात की मागं वळून पाहा. दार मिटलं आहे. सहाजणांना तुम्ही आल्या-गेल्याचं कळलंही नाही.

माळावर उजेड संपत आला आहे. सपाट टेकडीच्या कडेला तांबूस रेघ तेवढी उरली आहे. कुंपणाच्या तारेवरचा लोकरीचा पुंजका आता दिसत नाही. पण तो तिथं आहे. उद्या सकाळी कुणीतरी चोचीनं तो ओढून नेईल आणि भिंतीत कोंबेल. किंवा नेणार नाही, आणि वारा नेईल.

तुमच्या खोलीत या.

पंख्याचा आवाज ऐका. पायाखालची फरशी जाणवू द्या. बोटं हलवा. खांदे एकदा वर घ्या, सोडा.

डोळे मिटले असतील तर उघडा.

इथं आता दहा वाजत आले असतील. तिकडे साडेसहा होताहेत. सूर्य नुकताच टेकडीमागं गेला आहे. कारूच्या माळावर कुठल्यातरी काटेरी फांदीवर आत्ता, या घटकेला, 8 ग्रॅमचा एक पक्षी ओट्यावर उतरतोय आणि पाय वर उचलतोय.

तुम्हीही उठा.

ओट्यावरचा दिवा मालवा.

घरातली सगळी आत आली आहेत ना, एकदा पाहा. आणि दाराला कडी लावा. रोज लावता तशी नको. आज जरा हळू. ती बसल्याचा आवाज नीट ऐका.